नाखव्याची जागा

मनोरीला मी पहिल्यांदा गेले ती फाटलेल्या जाळ्यांची चौकशी करायला. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले तेव्हा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. ते काढून पिशवीत टाकायला हवं होतं, हे पहिल्याच दारात कळलं. दारात बसलेल्या बाईने माझ्या तोंडाकडे न बघता ओळखपत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचं जालं कंदीच फाटत नाय." तिच्या मांडीवर फाटकं जाळंच होतं.

मी तेव्हा तिशीची होते. चारकोपला आईवडिलांकडे राहायचे आणि अंधेरीतल्या एका छोट्या संस्थेत नोकरी करायचे. समुद्रात बुडालेली जुनी जहाजं शोधायची, जमेल तिथे त्यांतलं काही वर काढायचं, हे आमचं काम. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात दोन खोल्या, माझ्यासह तीन डायव्हर, आणि आमचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणायचे. सरांनी उभा जन्म बुडालेल्या जहाजांवर व्याख्यानं दिली होती, पण आमच्या या किनाऱ्यावर त्यांना स्वतःला एकही सापडलं नव्हतं. जुन्या कागदांत उल्लेख पुष्कळ. अमुक जहाज वादळात वसईच्या खाली खडकावर गेलं, तमुक मालासकट बुडालं. त्यावरून समुद्रात शोधायला निघालं तर सगळा जन्म पुरत नाही.

तळाशी लाकूड किंवा लोखंड असेल तिथे जाळी अडकून फाटतात, आणि कुठे फाटतात हे कोळ्यांइतकं कोणाला ठाऊक नसतं, असं मीच सरांना सुचवलं होतं. म्हणून मलाच पाठवलं.

पाच-सहा फेऱ्या फुकट गेल्या. लोक चहा द्यायचे आणि काही सांगायचे नाहीत. त्यांचं बरोबर होतं. आपली मासे मिळायची जागा ऑफिसातल्या बाईला कोण दाखवेल? मग एका दुपारी किनाऱ्यावर एक म्हातारा नाखवा होडीच्या फळ्यांना तेल लावताना दिसला. नाखवा म्हणजे होडीचा मालक. साठीच्या पुढचा, उघडा, अंगावर हाडं आणि स्नायू याखेरीज काही नाही. मी काही विचारायच्या आधी त्यानेच विचारलं, "कुठली गं तू?"

"चारकोपची."

"तसं नाय. मूलची कुठली?"

"मालवणच्या बाजूची. वडील मुंबईला गिरणीत आले. आजोबा तिकडे रापण ओढायचे."

रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. नाखव्याने हात थांबवला. "म्हंजे तुला पानी ठावं हाय," म्हणाला. ठाऊक काही नव्हतं. आजोबांना मी दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळेला खाटेवर. पण मी मान डोलावली. त्या गावात माझ्याकडून घडलेला पहिला खोटेपणा तो.

नाखवा डोल लावायचा. समुद्रात खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत येऊ द्यायची. खुंटांच्या जागा घराण्यात चालत आलेल्या असतात, शेताच्या तुकड्यासारख्या. त्याची जागा आज्याच्या वेळेपासूनची होती. तिच्या एका अंगाला, पन्नासेक हातांवर, "मोडकं" होतं. घरात त्या ठिकाणाला नावच ते. जाळं वाहत तिकडे गेलं की गेलंच. पण त्या मोडक्याच्या आसऱ्याला मासळी राहते, म्हणूनच जागा चांगली, हेही त्याने सांगितलं. बोलता बोलता त्याने घरातून एक खिळा आणून माझ्या हातावर ठेवला. वीतभर लांब, चौकोनी, हिरवा पडलेला. तांब्याचा. जाळ्यातून वर आला होता.

मी तो उलटसुलट करून बघितला. असे खिळे मी फक्त फोटोत पाहिले होते.

"नाखवा, मला ती जागा दाखवाल?"

त्याने खिळा माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "दाखवीन. पन उद्या शंभर लोक येऊन माजे खुंट उपटतील, त्याचं काय?"

"कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

तेव्हा मी ते मनापासून बोलले होते. मनापासून बोललेला शब्द पाळायला आपल्या हातात काहीतरी असावं लागतं. माझ्या हातात ओळखपत्राशिवाय काय होतं?

उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, तेव्हा डोलीचा धंदा चालतो. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाणी मंद, मासळी नाही, होडी रिकामी. आणि आम्हाला बुडी मारायला नेमकं तेच मंद पाणी हवं असतं. म्हणून त्या हिवाळ्यात दर भांगाला मी आणि माझा एक सहकारी नाखव्याच्या होडीतून जायचो. जागा तो किनाऱ्यावरच्या खुणांनी काढायचा. गोराईच्या पॅगोड्याचं टोक एका टॉवरच्या मागे गेलं आणि दुसरीकडे टेकडीचा उतार पाण्याला टेकला की थांबायचं. "आज्याच्या टायमाला दोन ताड व्हते. आता टॉवर. टॉवर तोडत नायत, तेवडं बरं," म्हणायचा.

सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट पाणी. खाली गेलं की तीन हातांनंतर काळोख. मुंबईच्या समुद्रात चिखल इतका की दिवा लावला तर धुक्यात गाडीचे दिवे लावल्यासारखं होतं. डोळे मिटायचे आणि हातांनी बघायचं. पहिल्या दोन बुड्यांत नुसता मऊ गाळ लागला. तिसऱ्या बुडीत हाताला एक धार लागली. लाकूड. त्यावर हात पुढे नेत गेले, तशी एकामागून एक सारख्या अंतरावर बाकदार लाकडं लागत गेली, जनावराच्या बरगड्यांसारखी. दोन लाकडं जोडायला कोणीतरी लाकडाचीच खुंटी ठोकली होती. तिच्या डोक्यावर बोट फिरवलं तर तासल्याच्या खुणा बोटाला कळत होत्या. कोण्या सुताराने तासलेलं ते, आणि त्याच्यानंतर त्याला हात लावणारी मी. पाण्याखाली रडता येत नाही असं म्हणतात. येतं. मास्कच्या आत साचतं.

वर आले तेव्हा नाखव्याने तोंड बघूनच ओळखलं. "घावलं?"

"घावलं."

त्याने होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळाला लावला. खुंटांच्या जागेशेजारी काय आहे हे त्याच्या तीन पिढ्यांनी फक्त फाटक्या जाळ्यांवरून ओळखलं होतं. मी त्याला होडीच्या फळीवर ओल्या बोटाने त्या बरगड्यांचं चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "मोठं हाय गं. माज्या चार होड्या बसतील."

पुढच्या भांगाला माझ्या जिवावर बेतलं. बरगड्यांच्या आत शिरले आणि पाठीवरचा सिलिंडर कशाततरी अडकला. हात मागे नेला तर जाळं. नाखव्याच्याच घराण्याची वर्षानुवर्षं अडकून राहिलेली जाळी, एकावर एक. सुरी काढायला गेले तर हातही गुंतला. माझ्या कमरेला दोर असायचा आणि त्याचं दुसरं टोक नाखव्याच्या हातात. सहकारी होडीत होता, बुडी संपवून वर आलेला. मी घाबरून दोराला हिसक्यांवर हिसके दिले. कोणीही माणूस अशा वेळी दोर ओढेल. सहकारी ओढायलाच धावला होता, हे मला नंतर कळलं. नाखव्याने त्याला ढकललं. "वडू नको! वडलंस तर मरंल ती. जालं घट बसंल." त्याने दोर सैल सोडला, होडी प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेली आणि मग हळूहळू उलट्या बाजूने दोराला ताण दिला. जाळं ज्या बाजूने आत घुसलं त्याच बाजूने सुटतं. मला खाली फक्त इतकं जाणवलं की पाठीवरची पकड एकदम ढिली झाली. मी हात सोडवला, सुरीने उरलेलं कापलं आणि वर आले.

होडीत पडून मी श्वास घेत होते आणि तो शिव्या देत होता. मला नाही, त्या जाळ्यांना. संध्याकाळी घरी नेऊन त्याच्या बायकोने गरम मांदेलीचं कालवण आणि भात वाढला. "आयशीला सांगू नको," म्हणाली. "माजी पोर असती तर पाय मोडून ठेवली असती."

त्यानंतर जे झालं ते मीच केलं.

जागेचा नेमका आकडा, अक्षांश-रेखांश, फक्त माझ्या वहीत होता. सहकाऱ्याला मी मुद्दाम जीपीएसचं यंत्र दिलं नव्हतं. एक दिवस सरांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. "किती दिवस तू ते वहीत ठेवणार?" ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "अगं, मी निवृत्त होईन पुढच्या वर्षी. एकदा, एकदाच एक जहाज बघून जाऊ दे मला."

"सर, तिथे एका माणसाचे खुंट आहेत. मी त्याला शब्द दिलाय."

"त्याचं बघू की आपण. आणि शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं. माझं दुसरं."

सरांची दया आली म्हणून आकडा दिला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. ते शेवटचं वाक्य ऐकून दिला. माझं नाव पहिलं.

मग सगळं भराभर झालं. भाड्याची बोट आली, तळाचं चित्र काढणारं यंत्र आलं. लाकडाच्या मधोमध, अर्धी गाळात, एक लोखंडी तोफ निघाली. तोफ म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. लाकडाच्या खुंटीसाठी कोणी मोठा माणूस धक्क्यावर येत नाही, तोफेसाठी येतो. ती वर काढायची तारीख ठरली.

मी सरांना म्हणाले, "हौद कुठे आहे?"

समुद्रात शेकडो वर्षं राहिलेलं लोखंड वर काढलं की लगेच सोड्याच्या पाण्यात ठेवावं लागतं. महिने नाही, वर्षं. आतला खार निघेपर्यंत. नाहीतर ते हवेत फुगतं आणि पापुद्र्यांनी सुटतं. हे मला सरांनीच शिकवलं होतं.

"अगं, आधी वर तर येऊ दे," सर म्हणाले. "तोफ दाखवली की हौदाला मंजुरी मिळते. हौद दाखवून तोफेला मिळत नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, हेच वाईट. या देशात कामं तशीच होतात. मी हौदाचा विषय पुन्हा काढला नाही.

ठरलेल्या दिवशी क्रेनची बार्ज आली. खाली पट्टे बांधायला आम्ही तिघे उतरलो. मी तोफेच्या बाजूचं लाकूड सोडवून घ्यायला दोन दिवस मागितले होते, मिळाले दोन तास. पाहुणे धक्क्यावर खुर्च्यांत बसले होते. क्रेनने ओढ घेतली तेव्हा मी दूर, तळाला धरून होते. लाकूड मोडल्याचा आवाज पाण्यात कानाने नाही, छातीत ऐकू येतो. एक, मग दोन, मग मी मोजलं नाही. तोफ वर गेली. वर टाळ्या वाजल्या असणार.

बार्ज धक्क्याला लागली तेव्हा नाखवा गर्दीत मागे उभा होता. मी सरांना म्हटलं, त्यांना पुढे बोलवा, जागा त्यांनी दाखवली. सर म्हणाले, "हो हो, नक्की," आणि माईककडे गेले. भाषणात आलं ते "स्थानिक मच्छीमार बांधवांचं सहकार्य". वर्तमानपत्रात आलं की अत्याधुनिक यंत्रांनी जहाज शोधून काढलं. निबंध निघालाच नाही, म्हणून माझं नाव पहिलंही आलं नाही आणि शेवटचंही. सर निवृत्त झाले, त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या वर्षी ते मुलाकडे परदेशात गेले.

महिन्याभरात हुकूम निघाला. ऐतिहासिक जहाजाचं संरक्षण व्हावं म्हणून त्या जागेभोवती मोठा चौकोन आखला गेला. चौकोनात जाळं नाही, खुंट नाही, नांगर नाही. नाखव्याचे खुंट बरोब्बर मधोमध होते. हुकमाचा मसुदा आमच्याच ऑफिसात तयार झाला होता, माझ्याच नकाशावरून. मी चौकोन लहान करा म्हणून दोन चिठ्ठ्या लिहिल्या. त्या फाइलला लागल्या.

मनोरीला सांगायला मीच गेले. दुसऱ्या कोणाकडून त्याला कळू नये, एवढी लाज शिल्लक होती. नाखवा ओसरीवर होता, बायको आत. मी कागद वाचून दाखवला. त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तू सांगितलंस त्यांना?"

"हो."

त्याने मान हलवली. हवामानाचा अंदाज ऐकावा तशी. बोलली ती त्याची बायको. आतून आली, हातात सुकवायच्या बोंबलांची टोपली. "तुला जेवू घातलं," म्हणाली. "दोर सोडून दिला असता त्याने त्या दिवशी, तर माजे खुंट राहिले असते." नाखवा तिच्यावर ओरडला. ती मागे फिरली नाही. मी उठले. फेरीबोटीला अर्धा तास होता, तो मी धक्क्यावर उभ्याने काढला.

पावसाळा गेल्यावर मी एकदा त्या जागेवर बुडी मारली, ऑफिसच्या बोटीतून. तोफ ओढल्यावर गाळाचं पांघरूण निघालं होतं आणि जहाज उघडं पडलं होतं. जून ते सप्टेंबर समुद्राने त्याचं काय केलं ते हाताला लागलं. काही नाही. एक खड्डा, गुळगुळीत कडांचा. ज्या गाळाने शेकडो वर्षं त्या बरगड्या जपल्या तो आम्ही एका दुपारीत बाजूला केला. ज्याच्या रक्षणासाठी चौकोन आखला होता ते चौकोनात उरलंच नव्हतं. मी अहवालात तसं लिहिलं. नव्या प्रमुखांनी विचारलं, "हे असंच लिहायलाच हवं का?"

तोफ ऑफिसच्या मागच्या अंगणात होती, दोन विटांच्या थरांवर, निळ्या ताडपत्रीखाली. हौदाची मंजुरी अडकली होती. मी सुरुवातीला रोज सकाळी तिच्यावर पाइपने पाणी मारायचे, ओली गोणपाटं गुंडाळायचे. त्याने काय होणार? पहिल्या उन्हाळ्यात तिच्या अंगावर तपकिरी घाम आला. मग पापुद्रे सुटायला लागले, कांद्याच्या सालींसारखे. एक दिवस तोंडाकडचा वीतभर तुकडा खाली पडलेला दिसला. झाडूवाल्या मावशींनी तो बाजूला सारून ठेवला होता, इमानाने. मी नोकरी सोडली ती त्या आठवड्यात.

आता मी एका ठेकेदाराकडे आहे. खाडीवरच्या पुलांचे खांब पाण्याखालून तपासते, तडे गेलेत का ते बघते. काम बरं आहे. खांबाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

नोकरी सोडल्यावर एक गोष्ट मात्र मी चिकाटीने केली. तो चौकोन उठावा म्हणून अर्ज करत राहिले. माझाच अहवाल जोडून, की तिथे आता काही नाही. या टेबलावरून त्या टेबलावर, कधी बाई उद्या या, कधी बाई तुमचा काय संबंध. मधल्या काळात नाखव्याची बायको मला बोरिवलीच्या बाजारात एकदा दिसली, कोळंबीच्या पाटीमागे. दुसऱ्याकडून घेतलेली कोळंबी विकत होती. तिने मला पाहिलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला ताई, काय देऊ?" मी पुढे निघून गेले.

तीन वर्षांनी कागद हातात आला. बंदी उठली. कागद घेऊन मी त्याच दिवशी मनोरी गाठली. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, तो तिकडे बंगल्यावर असतो. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येऊन राहतात तसा एक बंगला, हिरवळ, पोहायचा तलाव. नाखवा निळा शर्ट घालून हिरवळीवर पाणी मारत होता. शर्ट त्याला खांद्यात मोठा होत होता. उघड्या अंगाखेरीज मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"बरी हायस?" त्याने विचारलं. राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कागद दिला. त्याने हात शर्टाला पुसून तो घेतला, लांब धरून वाचला. मग घडी घालून मला परत केला.

"होडी इकली मी. दोन वर्सं झाली."

"नाखवा, पण जागा तर तुमचीच आहे. खुंट परत..."

"कोन ठोकील? माजी दोन्ही पोरं वसईला, कंपनीत. आन मासळी नाय तिथं आता. आमच्यातले जाऊन आले, कागदाबिगर. मोडकं नाय तर मासळी कशाला थांबंल?" त्याने पाइप दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवला. "ती तोफ कुठं ठेवली?"

खोटं बोलावंसं वाटलं. या गावात माझी सुरुवातच तशी झाली होती. पण म्हणाले, "फुटली. तुकडे झाले. बहुतेक फेकून दिले."

त्याने धार एका कोरड्या पट्ट्यावर धरली. "खाली बरी व्हती," म्हणाला.

तलावाकडून कोणीतरी हाक मारली, "वॉचमन! अरे, बर्फ आला का?" नाखव्याने नळ बंद केला, पाइप नीट वेटोळं करून ठेवला, होडीत दोर ठेवायचा तसा, आणि "तुजी बोट चुकंल, जा," असं म्हणून आत गेला. तो परत येईल म्हणून मी थोडा वेळ फाटकाशी थांबले. आतून गाण्यांचा आवाज वाढला. एका पोरीने विचारलं, "आंटी, तुम्हाला कोण हवंय?" मी म्हटलं, "कोणी नाही."